तेल्या आणि माझा हात

डाळिंबाची बाग दवाने ओली होती. तेल्या रोगाने काळवंडून तडकलेले एक फळ मी हळहळत हातात घेतले आणि त्याच ओल्या हाताने शेजारच्या दोन निरोगी झाडांची पालवी कुरवाळली.

"अगं मावशी, हात!" माझी संशोधक भाची वैदेही किंचाळली. "इथे कात्रीसुद्धा दर झाडागणिक जंतुनाशकात बुडवतो आम्ही. आणि तू मायेने रोग वाटत सुटलीस!"

मी हात मागे घेतला. त्या दोनपैकी एका झाडावर तिचे नवे औषध फवारलेले होते. बेडकाची कातडी जंतूंना रोखण्यासाठी जी चिमुकली प्रथिने स्रवते, त्यांच्या धर्तीवर प्रयोगशाळेत घडवलेले. तिची तीन वर्षांची मेहनत त्या पानांवर होती.

पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. फवारलेले झाड नितळ होते.

"तुझ्यामुळे परीक्षा झाली बघ त्याची," ती हसली.

मला हसता येईना. दुसऱ्या झाडावर, जिथून माझी बोटे फिरली होती नेमक्या तेवढ्याच पानांवर, तेलकट डाग उमटले होते. आयुष्यभर किती गालांवरून, किती कपाळांवरून हा हात असाच फिरला. तिथे काय उमटले, ते मला कधी दिसले नव्हते.

वैदेहीने कात्रीच्या जंतुनाशकाचे भांडे पुढे केले. मी दोन्ही हात मनगटांपर्यंत बुडवले.