एक कळ उजवीकडे सरकलेली ओळ

कुंभकोणमला गाडी हलली तेव्हा अप्पांनी खिडकीतून माझ्या हातात एक लाल पेन्सिल ठेवली. "एक वर्ष पुरें. मग येऊन इन्स्टिट्यूट तूंच चालीव," म्हणाले. मी हो म्हटलं. मागे राहिलेल्यांनो, असे होकार तुम्ही ऐकले असतील. निघालेल्यांनो, तुम्ही दिले असतील.

कुंभकोणमच्याच मेलकावेरी भागात अप्पांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. चूक दिसली की तिच्याभोवती लाल वर्तुळ, हा तिथला कायदा. घरची पत्रंही त्यातून सुटत नसत. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या आमची मराठी इंग्रजी मशीनवर उमटेना, म्हणून अप्पा मला इंग्रजीत टाइप करून लिहीत. माझ्या पहिल्याच पत्रातल्या दोन चुकांना वर्तुळं काढून त्यांनी ते परत धाडलं. मी हसले, मग रडले.

मद्रासच्या कंपनीत परदेशातली जुनी कागदपत्रं कॉम्प्युटरवर चढवायची होती. एकच पान दोघी वेगवेगळ्या टाइप करायच्या, मग कॉम्प्युटर दोन्ही ताडून पाहायचा. मूळ कागदातली चूकही तशीच उमटली पाहिजे, अशी तिथली सक्त ताकीद. माझी बोटं ऐकतील तर ना! चुकलेलं स्पेलिंग ती आपोआप नीट करायची आणि चूक माझ्या नावावर लागायची. सुपरवायझरनं तिसऱ्यांदा बजावल्यावर मात्र मी ती खोड मोडली.

वर्ष भरत आलं तेव्हा अप्पांचं पत्र आलं. मधली एक ओळ नुसती अगम्य अक्षरांची. त्यांची बोटं एक कळ उजवीकडे सरकली होती आणि त्यांना ते दिसलंच नव्हतं. प्रत्येक अक्षर एक कळ डावीकडे घेत मी वाचलं: नव्या रिबिनी आणून ठेवल्यात, तू आलीस की चढवू.

ज्यांच्या नजरेतून साधा स्वल्पविराम सुटत नसे, त्यांना अख्खी ओळ दिसली नव्हती. वर्तुळ काढून पत्र परत धाडलं असतं, तर त्यांची नजर अधू झाल्याचं मला कळलंय, हे उघड झालं असतं. मग परतावं लागलं असतं. मला परतायचं नव्हतं. आज सरळ सांगते. मी लिहिलं, काम फार आहे, पोंगलला बघू.

पत्राची कार्बन प्रत पाहून कुणा विद्यार्थिनीनं त्यांना ती चूक सांगितली असावी. पुढचं पत्र हातानं लिहिलेलं, मोठ्या वाकड्या अक्षरांत, आपल्या मराठीत. "लाल पेन्सिल हारवलीस काय?" एवढंच. त्याच उन्हाळ्यात इन्स्टिट्यूट बंद झाली, आणि चार वर्षांत अप्पाही गेले.

आता कंपनीत टायपिंग इन्स्टिट्यूटमधून आलेल्या आम्ही मोजक्याच उरलो. नव्या ग्रॅज्युएट मुली हेडफोन लावून अमेरिकेतल्या डॉक्टरांचं बोलणं टाइप करतात, सहा महिन्यांत दुसरी कंपनी धरतात. त्यांच्या चुका मी काढते. मीही तीन घरं बदलली, कुठंच पाय ठरत नाही.

परवा मी पेन्सिलीला टोक केलं, ते जुनं पत्र उघडलं आणि त्या ओळीभोवती वर्तुळ काढलं. पाकीटही घेतलं. घर म्हणजे आपली चूक जिथं परत धाडता येते तो पत्ता, एवढंच मला कळलंय. मेलकावेरीचा तो पत्ता मी पाकिटावर लिहिला. तिथं पत्र घ्यायला आता कोणी नाही.