वाणाच्या पोथ्या

पलंगावर बॅग उघडी होती आणि शेजारच्या कुसुममावशी भरलेलं सामान परत बाहेर काढत होत्या. संक्रांतीला त्या लेकीकडे आखातात निघाल्या होत्या. तिथल्या हळदीकुंकवाला वाण म्हणून त्यांनी स्तोत्रांच्या छोट्या पोथ्यांचा गठ्ठा घेतला होता. पण आत्ताच लेकीचा फोन आला: स्वतःपुरती पोथी आणलेली चालते, वाटायला मात्र तिथे कायद्यानं मनाई आहे.

मी चिडले. "एवढ्याशा पोथ्यांनी कुणाचं काय बिघडणार आहे?"

"नसेल बिघडत," मावशी म्हणाल्या. "पण देश त्यांचा, कायदाही त्यांचा. आणि वाण घेणारीच्या उपयोगाचं असावं, तिला अडचणीत टाकणारं नसावं."

आपली जुनी पोथी त्यांनी साडीच्या घडीत ठेवली, रिकाम्या जागेत चहाच्या गाळण्या भरल्या आणि गठ्ठा माझ्या हाती दिला. "तू वाट. इथे कुणाची मनाई नाही."

मनाई खरंच नाही. तरी तो गठ्ठा अजून माझ्याच कपाटात आहे. पोथी घेऊन कुणाच्या दाराशी गेले, की बेल वाजवण्याआधी मनात येतं, हिला ती हवी आहे का, हे आपण विचारलंय कुठे?