विठू पाटलांचा डावा गाल

मानकोली नाक्याच्या आसपासची भातशेती गोदामांखाली गेली, त्या वर्षांत तिथल्या नव्या बंगल्यांच्या अंगणांत वडील दिसू लागले. छातीपर्यंतचे, सोनेरी, काळ्या ग्रॅनाइटच्या चौथऱ्यावर. या वडिलांनी हयातभर चिखल तुडवला होता आणि जमिनीला भाव येण्याच्या थोडे आधी ते वारले होते. मुलांना या कालक्रमाची रुखरुख होती आणि पुतळा ही तिची सर्वमान्य भरपाई होती. पुतळे बाहेरगावाहून येत. त्यामुळे त्यांतले बरेच एकमेकांसारखे दिसत आणि काही कोणत्याही तालुक्यातल्या पुढाऱ्यासारखे.

दिघाशीचे रघुनाथ मढवी भिवंडीतल्या एका अनुदानित शाळेत चित्रकला शिकवीत. नोकरी कायम होती. तिच्यातून माणसाला बाहेर काढण्याचे सामर्थ्य निवृत्तीखेरीज कशातही नव्हते. २००६च्या दिवाळीनंतर मढवी मास्तरांनी राजीनामा दिला आणि कारणाच्या जागी ‘शिल्पव्यवसाय’ असे लिहिले. मुख्याध्यापकांनी ते ‘प्रकृती’ असे दुरुस्त करून मागितले. शिल्पव्यवसायासाठी कोणी कायम नोकरी सोडल्याचा दाखला त्यांच्याकडे नव्हता, प्रकृतीचे दाखले पुष्कळ होते. नोटिशीची मुदत तीन महिन्यांची होती आणि ती संपेपर्यंत राजीनामा मागे घेता येत होता.

मास्तरांची पत्नी कमळ हिला ही तरतूद ठाऊक होती.

“आवो, लोक जमीन इकून गोदामं बांधतात. तुम्ही पगार सोडून मेलेल्यांची तोंडं बांधणार?”

“मागणी आहे.”

“मागणी मयतीच्या सामानालाही हाय.” मग तिने अट घातली. “पहिलं तोंड पास झालं, तर सोडा शाळा. न्हायतर राजीनामा मागं घेऊन सोमवारी गुपचूप हजेरीवर सही करायची.”

पहिले तोंड मानकोलीच्या कै. विठू पाटलांचे होते. काम त्यांच्या मुलाने, देवेशने दिले होते. संदर्भासाठी दोनच छायाचित्रे मिळाली. मतदार ओळखपत्रावरच्या छायाचित्रात विठू पाटील घाबरलेले होते. दुसरे भाव येण्याआधीच्या एका जमीन-व्यवहाराच्या दिवशीचे. त्यात हार नाकापर्यंत आला होता, त्यामुळे चेहऱ्याचा खालचा भाग अभ्यासाला उपलब्ध नव्हता.

मातीचा चेहरा साच्यात जाण्यापूर्वी भावकीने येऊन तो पाहावा, अशी या व्यवहारातली रीत होती. तिला ‘तोंड बघणे’ म्हणत आणि ते मुलगी बघण्याच्या गांभीर्याने, पोह्यांसह होई. नोटिशीच्या शेवटच्या रविवारी पाटलांची भावकी दोन गाड्या भरून दिघाशीला आली. देवेशची आई जानकीबाई गुडघ्यांमुळे गाडीतच बसून राहिली. बाकीचे मास्तरांच्या पडवीत शिरले.

“ह्ये नाक आमच्या घरातलं न्हाय,” विठू पाटलांची बहीण गोदूबाई म्हणाली. “आमचं नाक खाली येतं आणि मग इचार करतं.”

मास्तरांनी नाक खाली आणले. एका चुलतभावाने कपाळ रुंद करवले, दुसऱ्याने कान. वर्षानुवर्षे वह्या तपासलेल्या माणसाला कोणतीही चूक दाखवली की ती सुधारल्याशिवाय राहवत नाही. मास्तर दुपारपर्यंत सुधारत राहिले. अखेर भावकीचे एकमत झाले.

“आता आला बघ माझा भाऊस!” गोदूबाईने डोळे पुसले. पुतळ्याला पाय नसल्यामुळे देवेशने टेबलाच्या पायाला हात लावून नमस्कार केला.

मग जानकीबाईला धरून आत आणले. तिने एकदा वर पाहिले, पदर भुवयांपर्यंत ओढला आणि पुतळ्याकडे पाठ केली.

“बघा, ओळखलंन,” गोदूबाई म्हणाली.

“ओळखलं तर. थोरले भावजी हायत. ते हयात असताना त्यांच्यासमोर कधी उघड्या डोक्यानं आले न्हाय, आता कशाला येऊ?”

थोरले भावजी म्हणजे विठू पाटलांचे मोठे भाऊ चिंतू, तेही दिवंगत. त्यांच्या मुलांशी देवेशचा बांधावरून दावा चालू होता.

“दोघे भाऊच की गं,” गोदूबाई म्हणाली. “सारखेच दिसायचे.”

“तुला दिसायचे. मी एकाच्याच घरात होते.”

प्रत्येकाने घराण्याचा चेहरा आठवला होता आणि घराण्याचा चेहरा थोरल्याकडे असतो. देवेश मास्तरांकडे वळला. “सर, ते लोक कोर्टात माझ्यासमोर उभे राहतात. त्यांचा बाप मी माझ्या दारात बसवू?”

कमळ बशा गोळा करत होती. तिने मास्तरांकडे पाहिले नाही; सोमवार दुसऱ्याच दिवशी होता.

मास्तरांनी जानकीबाई सोडून सगळ्यांना बाहेर पाठवले आणि पुतळ्यावर ओला फडका टाकला, कारण भावजींच्या देखत जानकीबाई बोलेना.

“विठू पाटलांचे डोळे कसे होते?”

“डोळ्यांकडं कोण बघतंय?”

“मग काय बघायचात?”

“गाल. डावा. तिथं तंबाखू असायची. गाल भरलेला असला की काय मागायचं ते मागून घ्यायचं. रिकामा असला की भाकरी पुढं सरकवून मागं व्हायचं.”

मास्तरांनी फडका काढला. जानकीबाईने तोंड फिरवले. मास्तरांनी डाव्या गालात माती भरली तसा जबडा एका बाजूला गेला, डावा डोळा बारीक झाला, आणि ओठ बोलता येत नाही अशा माणसासारखे मिटले. नाकाला हात लावावा लागला नाही.

“बघा आता.”

तिने पाहिले. पदर खांद्यावर घसरला, तो तिने सावरला नाही.

“आधी थुंकून या,” ती पुतळ्याला म्हणाली. “बाहेर पाव्हणे बसलेत.”

देवेश आत आला आणि गाल पाहून थबकला. “सर, तंबाखू काढा. बंगल्यासमोर पुतळा बसवायचाय, पानटपरी न्हाय.”

“काढतो. मग भावजी परत येतील.”

दिवसभरात मास्तरांनी प्रथमच एक सूचना नाकारली होती, आणि तीही काम देणाऱ्याची. दारात कमळ रिकामा ट्रे घेऊन उभी राहिली. देवेशने आईकडे पाहिले. ती गोठ्याच्या मोडक्या दारावरून पुतळ्याला झापत होती. हे दार विठू पाटलांनी शेवटपर्यंत दुरुस्त केले नव्हते. मध्येच ती थांबे, जणू उत्तराची वाट पाहतेय, आणि मग स्वतःच पुढे बोले.

“निदान हार जरा वर घालू,” देवेश अखेर म्हणाला.

“हार तुमचा. घाला.”

सोमवारी मास्तर शाळेत गेले नाहीत. चित्रकलेचे तास शारीरिक शिक्षणाला देण्यात आले.

पुढच्या वर्षांत वज्रेश्वरीच्या रस्त्याला लागून असलेल्या गावांतूनही कामे येऊ लागली. दिघाशीच्या पडवीत आता आधी विधवेला बसवत आणि भावकीला अंगणात चहा देत. काही मुलगे आधीच विचारून घेत, आईला न आणता चालेल का. मास्तर असे काम घेत नसत. त्यामुळे धंदा फार वाढला नाही, पण कमळचे म्हणणे, शाळेत तरी पगार कुठे वाढत होता.