न लागता पडलेले डाग

तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी ह्यांना बाहेर बसायला सांगितलं, दार लोटलं आणि मला हळूच विचारलं, "घरी मारतात का तुम्हाला?"

मला हसूच फुटलं. आमचे हे झुरळालासुद्धा नुसतं हाकलतात. "नाही हो, हे डाग काही न लागताच उठतात," मी म्हटलं.

त्यांनी दंडावरचे निळे डाग पुन्हा बघितले. पोटऱ्यांवर बारीक लाल ठिपके होते, मी ते डासांच्या नावावर खपवले होते. बोटाने दाबूनही ते फिके होत नव्हते. दात घासताना रक्त येतं का? पाळीत रक्त जास्त जातं का? दोन्हीला माझं हो, तेही कित्येक महिन्यांपासून. "मग इतके महिने घरी काय करत होतात?" बाई तडकल्या. रक्ताचा रिपोर्ट बघून त्यांनी मला दाखलच करून घेतलं.

आजाराचं नाव आयटीपी. प्लेटलेट्स म्हणजे रक्त गोठवणारे बारीक कण. या आजारात आपलं शरीरच ते मारत सुटतं. बोन मॅरो, म्हणजे हाडातला मगज, तपासायला कंबरेच्या हाडात सुई घातली. मी मोठ्याने रडले. मग स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या आणि तोंड भोपळ्यासारखं सुजलं.

मुलुंडच्या त्या वॉर्डात भेटीच्या वेळी प्रत्येक खाटेभोवती माणसं असायची. माझ्याकडे फक्त हे, तेही मान खाली घालून. आई गावी आजारी. भांडुपच्या आमच्या चाळीतून मात्र कोणी फिरकलं नाही. रविवारच्या सिनेमाला आमच्याच टीव्हीपुढे दाटीवाटीने बसणारी माणसं ही! भांडुप काही लंकेत नव्हतं. मला फार एकटं वाटायचं.

शेवटी ह्यांना खोदून विचारलं.

"चाळीत कोण बोलत नाय माझ्याशी. मीच तुला मारून इथे आणली म्हणतात."

"मग तुम्ही सांगितलं नाही?"

"सांगितलं ना. कोण ऐकतंय?"

प्लेटलेट्स वाढल्या, घरी आले. शेजारची मालती पेज घेऊन आली.

"नंदा, आम्हाला वाटलं गं, भाऊजीच... डाग तर गणपतीपासून दिसत होते."

"मग विचारलं का नाहीस?"

"नवरा-बायकोच्या मध्ये कशाला पडायचं?" ती अगदी सहज म्हणाली.

मी मार खाते असं अख्ख्या चाळीने धरलं होतं, आणि तीच चाळ नळावर माझ्याशी पाण्याच्या वेळेबद्दल बोलत होती. वॉर्डातलं एकटेपण त्यापुढे काहीच नव्हतं.

म्हणून सांगते. न लागता डाग उठले, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येऊ लागलं, पाळी थांबेना झाली, तर अंगावर काढू नका. मनाने ॲस्पिरिन घेऊ नका, त्याने रक्त आणखी वाहतं. डॉक्टरकडे जा, रक्त तपासा.

आणि शेजारणीच्या दंडावर डाग दिसला, तर तिला विचारा. माझ्याकडे निघाला तो आजार. तिच्याकडे दुसरं काही निघालं, तर तुम्ही विचारण्याची तिला माझ्याहून जास्त गरज आहे.