फोनला न पटलेलं तोंड

नवी नवरी असताना मी पदर एवढा खाली ओढायचे, की भूमच्या बाजारात नवऱ्याच्या चपला समजून परक्याच चपलांमागं चालत गेले. येडी कुठली!

आता फोनला तोंड दाखवल्याशिवाय अंगणवाडीत आहाराची पाकिटं मिळत नाहीत. परवा बाळंतीण नातसुनेला घेऊन गेले. तिचं तोंड सुजलेलं. सेविकेनं फोटो काढला, तर तिच्या फोनवर आलं, चेहरा जुळत नाही.

“अगं, तू तर ओळखतीस ना हिला?” मी सेविकेला विचारलं.

“व्हय आजी. पण माझ्या ओळखीवर पाकीट देता येत न्हाय.”

“मग ही कोण, माझी सवत?”

दोघी हसल्या. पाकिटं मात्र कपाटातच राहिली. सूज उतरेपर्यंत अंगावर पाजणाऱ्या पोरीनं काय खायचं, हे विचारायचं तरी कुणाला, ते सेविकेलाही ठाऊक नव्हतं.