दत्ताभाऊंना बसच ठाऊक नव्हती

आता स्वतःच्या तोंडानं स्वतःची अब्रू काढायची म्हणजे कठीणच! पण चहा तुम्ही पाजताय, तर ऐका.

महाळुंग्याच्या एका गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत मी प्रोबेशनवर. रोज दिघीहून कंपनीच्या बसनं जाते. काम काय, तर स्टोअरचं सॉफ्टवेअर सांभाळणं. फुकटचं, ओपन सोर्स, म्हणजे जगात कुणीही बघावं, वापरावं असं! स्टॉकचं एक मोड्यूल, लेबलचं एक, गेटपासचं एक. प्रत्येक आवृत्तीची वेगळी ब्रँच, म्हणजे वेगळी शाखा, आणि सगळी मोड्यूल्स एकाच ब्रँचची लागतात. नाहीतर भाऊबंदकी, एकमेकांशी बोलतच नाहीत.

ब्रँचना नुसते आकडे होते. मला कुठून अवदसा आठवली! म्हटलं, बसच्या थांब्यांची नावं देऊ. सगळ्यात जुनी दिघी, मग मोशी, मग चाकण, सगळ्यात नवी महाळुंगे.

साहेब म्हणाले, "शीतल, घोळ होईल हां."

"साहेब, हा क्रम शेंबडं पोरगंही सांगेल! घोळ झाला तर मला पर्मनंट करू नका."

असं कुणी बोलतं का हो? मी बोलले.

पुढच्याच आठवड्यात मामेबहिणीच्या साखरपुड्याला रजा घेतली. बाकीची मोड्यूल्स नव्या ब्रँचवर आणून झाली होती, गेटपास तेवढं राहिलं होतं. जाताना स्टोअरच्या दत्ताभाऊंना चिठ्ठी ठेवली, 'गेटपासला सगळ्यात नवी ब्रँच लावा.' दुपारी जिलबी तोंडात घालते तोच फोन!

"शीतलताई, गेटपास छापंना! चार ट्रक उभं हायेत, तिकडं गिऱ्हाइकाची लाइन बंद पडायची!"

"कोणती ब्रँच लावली?"

"सगळ्यात नवी. दिघी."

"अहो, दिघी सगळ्यात जुनी! पहिला थांबा!"

"पयला कसा? आमचं घर म्हाळुंग्यात. घरापास्नं मोजलं तर दिघी पार शेवटाला!"

"पण आपली बस दिघीहून सुटते ना!"

"बशीत कोण बसलंय ताई? आमी चालत येतो!"

पैठणी नेसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन मी मांडवातच बसले. नवरीपेक्षा लोक मलाच बघत होते. तासाभरानं ट्रक हलले. तोवर गिऱ्हाइकानं साहेबांना फोनवर धुऊन काढलं होतं.

साहेबांनी ब्रँचना पुन्हा आकडे दिले, आणि माझं प्रोबेशन सहा महिने वाढवलं. लाज वाटली राव! रडूसुद्धा आलं.

पण एवढ्यावर भागतंय होय? ती घोळ घालणारी जुनी ब्रँच पुन्हा चुकून कुणी वापरू नये म्हणून साहेबांनी ती बाजूला काढली आणि तिला नाव दिलं 'शीतल'. ओपन सोर्स ना, सगळ्या जगाला दिसतं! परवा ब्राझीलहून कुणीतरी विचारलं, "हे 'शीतल' चांगलं दिसतंय. घेऊ का वापरायला?"

साहेबांनी जगासमोर उत्तर लिहिलं, "अजून सहा महिने तरी नको."