एका दिवसाचं भाडं

तो व्हॅनमध्ये चढण्याआधी चपला रस्त्यावर काढून ठेवतो. गाडी बस स्टँडच्या मागे उभी असली तरी. आजवर दोन जोड चोरीला गेले.

सकाळी उठला की गाडीचं तोंड पूर्वेला आहे का ते पाहतो. नसलं तर गाडी सुरू करून वळवतो. मग दात घासतो.

आंघोळीला आमच्याकडे येतो, पण तसं म्हणत नाही. “तुमची टाकी भरली का?” असं विचारतो. तेव्हा टॉवेल खांद्यावर असतो.

दर शुक्रवारी सरकत्या दाराला आंब्याची डहाळी बांधतो. दार सरकलं की डहाळी तुटते. पुढच्या शुक्रवारी पुन्हा बांधतो.

आरशाला केळ्यांची फणी टांगतो. मागचं काही दिसत नाही. केळी दिसतात.

‘गाडी’ असं कधी म्हणत नाही. “घरी विसरलो,” म्हणतो, आणि बारा पावलं चालून पाना घेऊन येतो.

हा अनंतकृष्ण. वय अडतीस. कुंभकोणममध्ये आणि आसपासच्या गावांत इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या दुरुस्त करतो. मी त्याला अनंतअण्णा म्हणते. सात वर्षं तो आई-बाबांसोबत आमच्या शेजारच्या घरात भाड्याने राहायचा. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ बोलणारी आमच्या गल्लीत तीन घरं होती. तो गेल्यावर दोन उरली.

गेला तो घरमालकामुळे. शंकरनारायण यांनी एका सकाळी भाडं दीडपट केलं. महामहम येतंय, म्हणाले, लोक घरांचे लॉज करताहेत, मीच एकटा मूर्ख का राहू? महामहम, इथल्या तळ्यावरचा स्नानाचा मेळा, बारा वर्षांतून एकदा येतं. तेव्हा ते अजून तीन वर्षं लांब होतं. अनंतअण्णाने वाद घातला नाही. त्याने एका शाळेची जुनी व्हॅन विकत घेतली, बाकडी काढून टाकली आणि आत राहायला गेला. मागच्या काचेखाली अजून तमिळमध्ये लिहिलेलं आहे : मुलं आहेत, सावकाश चला.

आम्हांला वाटलं, महिनाभराचं नाटक. चौदा महिने झाले.

मी साहित्यात एम. ए. केलं आहे. कुठलीही वस्तू दुसऱ्याच कशाचं तरी प्रतीक असते, असं तिथे शिकवतात. ही व्हॅन कशाचंही प्रतीक नाही. वैशाखात ती इडलीच्या भांड्यासारखी तापते आणि तिला ओल्या टॉवेलाचा वास येतो. आत एक फळी आहे, तिच्यावर तो झोपतो. एक शेगडी आहे. गिऱ्हाइकांनी टाकून दिलेल्या चार बॅटऱ्या आहेत, त्यांवर एक पंखा फिरतो. वीज गेली की आमच्या घरातला पंखा थांबतो, त्याचा थांबत नाही. आमचा इन्व्हर्टर दुरुस्त करायचं त्याने चार वर्षांपूर्वी कबूल केलं आहे.

“किती दिवस असं?” मी विचारायचे.

“सुंदरपेरुमाळ कोयिल गावात जागा पाहिलीय. रेल्वे रुळाजवळ. भाड्याचे पैसे वाचले की घेतो.”

“आणि तोवर?”

“तोवर हवेशीर आहे.”

त्याच्या बोलण्यात कधी खोटं नसतं. म्हणूनच डोकं फिरतं.

त्याचे बाबा गेल्या कार्तिकात वारले. चेन्नईला, त्याच्या बहिणीच्या, अलमेलूच्या घरी. भाडं वाढण्याआधीच ते दोघं तिकडे राहायला गेले होते; आई अजून तिथेच. तिला त्याने फोनवर सांगितलं होतं की घर बदललं, थोडं लहान आहे, पण आपलंच आहे. यातला एकही शब्द चुकीचा नव्हता. मग या भाद्रपदात आईचा फोन आला. वर्षश्राद्ध मुलाच्या घरी व्हायला हवं, जावयाच्या नाही. मी येते. घर आवरून ठेव.

“सांग तिला,” मी म्हटलं.

“आली की दिसेलच.”

“अण्णा, तिथे दोन ब्राह्मण बसायचे आहेत. पानं मांडायची आहेत. तुझ्या घरात तू उभा राहिलास तर तुझं डोकं छताला लागतं.”

“खाली वाकून करतात श्राद्ध,” तो म्हणाला.

शेषाद्रीशास्त्री आमच्या लोकांचे उपाध्याय. वय सत्तरच्या पुढे. स्कूटरवरून येतात. ते जागा पाहायला आले त्या दिवशी व्हॅन सुंदररावांच्या भातगिरणीमागच्या मोकळ्या जागेत उभी होती. सुंदरराव त्याच्या बाबांचे जुने मित्र, तिथे गाडी लावू देत. शास्त्रींनी स्कूटर लावली आणि इकडेतिकडे पाहिलं.

“घर कोठें आहे?”

“हेच.”

“यास चाकें आहेत.”

“काढून ठेवू का?”

“चेष्टा नको.” शास्त्री गाडीभोवती एक फेरी मारून आले. मागचं वाचलं. “मुलें कोठें आहेत?”

“ती आधीची.”

मला हसू येणार होतं. शास्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, मग ते आलं नाही.

“गाडी तुझी. बरें. खालची जमीन कोणाची?”

“सुंदररावांची.”

“मग तुझा बाप उपाशी राहील.” त्यांनी हे वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. “दुसऱ्याच्या भूमीवर पिंड ठेविला तर त्या भूमीचे पितर येऊन घेतात. सुंदररावांचे आजे-पणजे पोटभर जेवतील, ढेकर देतील. तुझे बाबा दाराशी उभे.”

अनंतअण्णाचा चेहरा मी प्रथमच तसा उतरलेला पाहिला. बाबांना भूक सहन होत नसे. दुपारी बारा वाजता ताट समोर नसलं तर ते आमच्याकडे येऊन बसत.

“मग उपाय?”

“भाडें दे. त्या दिवसापुरती भूमी तुझी होते. शास्त्रांत आहे.”

 चौदा महिने ज्या एका शब्दापासून अनंतअण्णा चार चाकांवर पळत होता, तो शास्त्रातून निघाला होता.

“देतो,” तो म्हणाला.

आता सोपं होतं असं मला वाटलं. मी मूर्ख होते.

सुंदररावांनी नोट पाहिली आणि हात मागे घेतले. “तुझ्या बाबांच्या श्राद्धाला मी पैसे घेऊ? माझ्या मित्राच्या? जा घरी.”

“मामा, घेतले नाहीत तर तुमचे पणजोबा—”

“जेवू दे त्यांना. कधी नव्हे ते बोलावलंय कोणी.”

मग मी आमचं घर सुचवलं. मोठी ओसरी, मागे विहीर. माझे बाबा ऐकत होते तोवर ठीक होते. भाड्याचा शब्द निघाला आणि ते उठून उभे राहिले.

“कीर्ति, तुला लाज नाही? शेजाऱ्याच्या पोराकडून भाडं?”

“अप्पा, एक रुपया घ्या. नावाला.”

“नावालासुद्धा नाही. भाडं घेतल्याचं नाव राहील ना मग!”

आठवडाभर असंच चाललं. अनंतअण्णा नोट घेऊन फिरत होता आणि गावात एकही मराठी माणूस ती घ्यायला तयार नव्हता. सगळ्यांची मनं मोठी. कुणी पाटाची सोय करीन म्हणालं, कुणी तूप देईन म्हणालं. भाडं कुणीच घेईना. इतका चांगुलपणा पाहून मला ओरडावंसं वाटत होतं. चौदा महिन्यांपूर्वी यातल्या एकानेही त्याला खोली दिली नव्हती.

“कावेरीवर करावें,” शेवटी शास्त्री म्हणाले. “नदीस मालक नसतो.”

अनंतअण्णाने आईला फोन लावला. नदीकाठी केलं तर चालेल का, एवढंच विचारलं. पलीकडून आवाज माझ्यापर्यंत आला.

“कां? माझ्या मुलास घर नाही काय?”

त्याने फोन ठेवला. श्राद्धाला पाच दिवस होते.

दुसऱ्या दिवशी तो शंकरनारायण यांच्याकडे गेला. मी सोबत होते. शेजारचं घर अजून रिकामंच होतं. दीडपट भाड्याला कुणी आलं नव्हतं. महामहमही अजून आलं नव्हतं. कुंभकोणममध्ये आमच्याकडून भाडं घ्यायला न लाजणारा हा एकच माणूस होता. त्याच्याकडे आधी जायला हवं होतं, हे आम्हां दोघांना एक आठवडा सुचलं नाही.

“एका दिवसासाठी?” शंकरनारायण तमिळमध्ये म्हणाले. “हे घर आहे, सायकल नाही.”

“श्राद्ध आहे.”

“असू दे. महिन्याचं द्या. नव्या दराने.”

“जुन्या दराने,” मी म्हटलं.

“तू कोण?”

“शेजारीण. तुमच्या परसातलं नारळाचं झाड आमच्या कौलांवर नारळ टाकतं, ती.”

जुन्या दराने ठरलं. त्यांनी पैसे घेतले, पावती लिहिली आणि सही केली. अनंतअण्णाने ती पावती दोन्ही हातांनी घेतली. प्रसाद घेतात तशी.

आई सकाळच्या गाडीने आली. बारीक, ताठ, हातात एकच पिशवी. दाराशी व्हॅन उभी होती. तिने तिच्याकडे पाहिलं नाही. शास्त्रींनी स्वयंपाकी आणला होता. कच्ची केळी, आल्याची पच्चडी, तिळाचे लाडू, उडदाचे वडे. दोन ब्राह्मणांचे पाय धुतले. संकल्पात शास्त्रींनी मध्येच थांबून विचारलं, “भूमी?” अनंतअण्णाने खिशातून पावती काढून दाखवली. शास्त्रींनी चष्मा वर करून ती वाचली, तारीख पाहिली, मान हलवली आणि पुढे गेले. बाबा जेवले असावेत. बरोबर बारा वाजले होते.

ब्राह्मण गेल्यावर आई घरभर फिरली. घर सात वर्षं तिच्या ओळखीचं होतं. भिंतीवर कॅलेंडर नव्हतं. कोनाड्यात दिवा नव्हता. दोरीवर एकही कपडा नव्हता. तिने स्वयंपाकघरातला नळ उघडला. आधी गंज आला, मग पाणी.

“झोपतोस कोठें?”

त्याने बाहेर बोट दाखवलं.

ती गेली. पायांतल्या चपला तिने रस्त्यावर काढल्या, हे मी पाहिलं. आत वाकून उभी राहिली. फळीवर हात फिरवला. केळ्यांकडे पाहिलं. बाहेर आली.

“तुझ्या बाबांनी जन्मभर भाडें भरिलें,” ती म्हणाली. “आज जेवायलाही भाडें.”

तिने चपला पायांत चढवल्या. 

“महिन्याचें भरिलेंस ना?”

“हो.”

“मग मी महिना राहातें. पैसे फुकट कां घालवावे? अलमेलूच्या घरीं मला बाल्कनींत झोपवितात.”

“आणि महिन्यानंतर?” मी विचारलं. कुणीतरी विचारायलाच हवं होतं.

“जेथें हा, तेथें मी.”

आता त्या घरात आई राहते. तिने कोनाड्यात दिवा लावला आहे, उंबऱ्यासमोर रोज तांदळाच्या पिठाचं कोलम घालते. भाडं भरलेलं घर समोर असताना अनंतअण्णा दारातल्या व्हॅनमध्ये झोपतो. मी विचारलं, का? तो म्हणाला, सवय मोडली तर परत लागणार नाही. आई रोज सकाळी कॉफी घेऊन जाते आणि व्हॅनच्या दारावर टकटक करते. मी ओसरीवर बसून हे पाहते आणि दोघांनाही काही बोलत नाही, कारण बोलून पाहिलं आहे.

महिना संपायला नऊ दिवस आहेत. शंकरनारायण पुढच्या महिन्याचं विचारून गेले, नव्या दराने. सुंदरपेरुमाळ कोयिलची जागा अजून तिथेच आहे, रुळाजवळ, दुसऱ्याची.

गेल्या रविवारी त्याने लाकडाच्या वखारीतून एक फळी आणली. आईला ओट्यावर आडवं व्हायला सांगून टेप लावला. ती हसत होती, मी प्रेत आहे काय, म्हणत होती. मग व्हॅनच्या दुसऱ्या बाजूच्या पत्र्यावर त्याने पेन्सिलीने चार खुणा केल्या. दोन भोकं पाडली. तिसऱ्याच्या वेळी आईने हाक मारली, जेवायला, बारा वाजले.

तो हात धुऊन आत गेला. ड्रिल तिसऱ्या खुणेखाली तसंच पडलेलं आहे. आज गुरुवार.